काटकसरीची मर्यादा

अमेरिकेत स्थायिक झालेले आम्ही काही माजी विद्यार्थी तेथे मोठ्या क्षमतेची मॉडेल रॉकेटे उडवितो. १६० न्यूटन-सेकंदांहून अधिक आवेगाच्या मोटरसाठी तेथे प्रमाणपत्र लागते. ॲल्युमिनियमच्या एकाच लांब आवरणात लहान इंधनसंचही बसविता येतो; पुढील बाजूस उरलेली जागा स्पेसर भरून काढतो. त्यामुळे दुसऱ्या आवरणाचा खर्च वाचतो. मात्र स्पेसर उत्पादकाने त्या संचासाठी मान्य केलेलाच हवा आणि सांगितले तितकेच वापरावेत. लेथवर घरी कातलेली कडी लांबीला चुकली, तर संच हलतो, ओ-रिंगची बैठक ढळते, तप्त वायू निसटतो. आवरण फुटूही शकते. काटकसर आम्ही याच वसतिगृहात शिकलो. परंतु तिने सूचनापत्रक ओलांडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. उड्डाण पाहण्यास मैदानावर मुलेही उभी असतात.