कमरेची सुरी



केळापूर भागात वावरात जाताना अनेकजण सुरी कमरेला लावतात. म्यान पट्ट्याशी घट्ट असले, की कापूस वेचायला वाकताच मूठ बरगडीत टोचते. मग म्यान घरी आणि उघडी सुरी कमरेत! धुऱ्यावर पाय घसरला तर पाते मांडीत जायचे.

पांढरकवड्याला आलात की मोच्याकडून एवढे करून घ्या. चामड्याची पट्टी दुमडल्यावर मुठीहून थोडी लांब भरावी. दोन्ही टोके म्यानाच्या पाठीला शिवावी, वरच्या घडीतून पट्टा ओवावा. मूठ पट्ट्याखाली येते, बसताना म्यान मांडीबरोबर फिरते. धारेकडच्या शिवणीत चामड्याची जाड कड घालाच, नाहीतर धार टाके कापते. मुठीला बंदही हवा. कोकणात कोयता कमरेमागे आकडीला अडकवतात, तीही युक्ती नामी! सुरी मात्र पुसूनच म्यानात घाला. चामडे ओल धरते, पाते गंजते.