‘इथं’ म्हणजे कुठं?

गेल्या महिन्यात आमच्या शाळेत मातापालकांची सभा झाली. हजेरी, प्रॅक्टिकलच्या वह्या, गणवेश असं सगळं उरकल्यावर मी दहा मिनिटं मागून घेतली आणि स्तनाच्या आजारांबद्दल बोलले. खोलीत एकही पुरुष नव्हता. शिपायालाही चहा सांगायला बाहेर पाठवलं होतं. तरी तिसऱ्या दिवशी एक बुजुर्ग शाळेत आले. त्यांची नात आमच्याकडे दहावीला आहे. आवाज न चढवता, अदबीनं बोलले. “टीचर, तुम्ही उर्दू आणि मराठी शिकवता, छान शिकवता. तेवढंच शिकवा. हयादार घरच्या बायका-पोरी आहेत. असले विषय शाळेत काढू नयेत.”

मी त्यांना चहा दिला, सलाम केला आणि दारापर्यंत सोडायला गेले. वयाचा मान राखला. पण उत्तर द्यायचं राहिलं, ते इथं देते.

मी सव्वीस वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. बीएड नुकतंच झालं होतं, धाकटा मुलगा दीड वर्षाचा, त्याचं दूध सोडवून सहा महिने झालेले. शोहर कुवेतला. एक दिवस आंघोळीच्या वेळी लक्षात आलं की उजवा स्तन डाव्यापेक्षा मोठा दिसतोय, खालच्या बाजूनं लालसर आहे आणि हात लावला तर गरम लागतोय. आठवड्याभरात कातडी जाड झाली. तिच्यावर बारीक बारीक खड्डे पडले, संत्र्याच्या सालीवर असतात तसे. गाठ म्हणावी असं हाताला काही लागत नव्हतं. दुखतही फार नव्हतं, नुसतं जड वाटायचं.

आधी जावेला सांगितलं. ती म्हणाली, उष्णता झाली असेल. सासूबाईंनी हळदीचा लेप लावायला दिला आणि मशिदीतून पाणी दम करून आणलं. ते पाणी मी प्याले. शिफा अल्लाहच्या हातात आहे हे मी तेव्हाही मानत होते, आजही मानते. पण त्या पाण्याबरोबर एक वाक्यही मिळालं, ते मात्र आजतागायत घशाखाली उतरलेलं नाही: “कुणाला बोलू नको.”

कुवेतचा फोन शुक्रवारी जुम्म्यानंतर यायचा. फोन बाहेरच्या खोलीत, भोवती चार माणसं बसलेली. ते विचारायचे, “तब्येत कशी?” मी म्हणायचे, “बरं नाही.” “काय होतंय?” “असंच.” या ‘असंच’मध्ये तीन शुक्रवार गेले.

मग तालुक्याच्या एका डॉक्टरकडे गेले. त्यांचं नाव, गाव काही लिहीत नाही. सोबत सासूबाई होत्या. डॉक्टरांनी विचारलं, कुठं त्रास आहे? मी बुरख्यावरूनच हात ठेवला आणि म्हणाले, “इथं.” त्यांनी नजर खाली करून लिहायला घेतलं. “गाठ आहे?” नाही. “वय?” सव्वीस. “मग काळजी नको. दुधाच्या नळीला सूज आली असेल. तुमच्या वयात तसलं काही होत नाही.” पाच दिवसांच्या गोळ्या. दूध सहा महिन्यांपूर्वीच थांबलंय हे मी सांगितलं की नाही, आता आठवत नाही. त्यांनी विचारलं नाही एवढं नक्की आठवतं. पाच दिवसांनी उतार नाही म्हणून दुसऱ्या गोळ्या. मग तिसऱ्या. तिन्ही वेळा त्यांनी बघितलं नाही.

हे वाचून काही वाचकांची जीभ शिवशिवेल, म्हणून इथंच थांबवते. ‘बघा, बुरखा!’ असं म्हणणाऱ्यांनी नीट वाचावं. बुरखा बाजूला करायची माझी तयारी होती. तपासायची तयारी त्यांची नव्हती. शेजारच्या खोलीत नर्स होती, पडदा होता, सासूबाई होत्या. पाच मिनिटांचं काम होतं. आणि लाज ही काही आमच्याच मोहल्ल्याची मक्तेदारी नाही. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका बाईंच्या सख्ख्या मावशीनं गाठ लेकीच्या लग्नाच्या तारखेपर्यंत लपवली. त्या घरात कुणी बुरखा घालत नाही, हळदीकुंकू घालतात.

तर, माझी झोप उडाली होती. रात्री मुलं झोपली की न्हाणीघरात जाऊन कडी लावायची आणि चाळीसच्या बल्बखाली आरसा धरून बघायचं, लाली वाढली का, किती बोटं वाढली. सकाळी पुन्हा. शेवटी पुस्तकं आणायच्या निमित्तानं तालुक्याला गेले आणि सायबर कॅफेत बसले. मागं कॉलेजची पोरं. इंग्रजीत दोन शब्द टाकले, फोटो उघडला, आणि झटकन बंद केला. एक कारण पोरांनी बघू नये हे. दुसरं, फोटोतली कातडी माझीच होती.

मराठीत त्याला दाहक स्तनकर्करोग म्हणतात. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत साधारण एक ते पाच जणींना होणारा, म्हणजे दुर्मीळ. बऱ्याचदा त्यात गाठ नसतेच. कर्कपेशी कातडीतल्या लसिकावाहिन्या तुंबवतात, द्रव साचतो, म्हणून सूज, लाली, ऊब आणि ती संत्र्याची साल. बोंड सपाट होतं किंवा आत ओढलं जातं, काखेत गाठी येऊ शकतात. आणि वेग असा की हिशोब आठवड्यांचा. निदान होतं तेव्हाच तो किमान तिसऱ्या टप्प्यात असतो, कारण कातडीपर्यंत पोचल्याशिवाय तो दिसतच नाही. दिसायला मात्र हुबेहूब साध्या जंतुसंसर्गासारखा. म्हणून आधी प्रतिजैविक देऊन बघणं ही चूक नाही. चूक तिथून पुढं सुरू होते. आठवडा-दहा दिवसांत लाली उतरली नाही तर गोळ्या बदलत बसायचं नसतं. सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि कातडीचा तुकडा काढून तपासणी, हे त्या वेळी करायचं असतं. मॅमोग्राफीत गाठ दिसली नाही म्हणून सुटका झाली असंही नाही, या आजारात ती अनेकदा दिसत नाही. निदान झालं तर आधी केमो, मग शस्त्रक्रिया, मग रेडिएशन, असा क्रम असतो.

तरुण वाचक मुलींनो, घाबरवायला हे लिहीत नाही. विशीतल्या बाईच्या स्तनावर लाली आली तर बहुतेक वेळा ती जंतुसंसर्गाची असते, गळवाची असते, त्वचारोगाची असते. आपल्या देशात क्षयाचीही असते. मला काय झालं होतं ते सांगते. हॉस्टेलच्या एका मैत्रिणीनं मला मुंबईला नेलं. सातव्या आठवड्यात एका सर्जनबाईंनी दिवा लावून, दोन्ही बाजू, दोन्ही काखा बघितल्या. पहिल्यांदाच कुणीतरी बघितलं. मला तिथंच रडू आलं, निदानाच्या आधीच. सुईनं तुकडा घेतला. रिपोर्टला नऊ दिवस लागले. कर्करोग नव्हता. ग्रॅन्युलोमा प्रकारची सूज होती, तिचे उपचार वर्षभर चालले आणि ती गेली.

मी वाचले म्हणजे ते सात आठवडे माफ झाले असं नाही. तो आजार असता तर याच सात आठवड्यांत तो कुठच्या कुठं गेला असता. माझं नशीब चांगलं निघालं. त्यात माझ्या घरानं, त्या डॉक्टरनं किंवा माझ्या स्वतःच्या शहाणपणानं काही केलं नव्हतं.

आता हयेबद्दल. बुजुर्गांनी तो शब्द वापरला, मी उर्दूची शिक्षिका आहे, तेव्हा त्या शब्दावर माझाही थोडा हक्क आहे. हया म्हणजे आजार लपवणं, असं कुठं लिहिलंय? हजरत आयशांनी अन्सारी स्त्रियांचं कौतुक केलं ते याच कारणासाठी, की लाज त्यांना दीन समजून घेण्याच्या आड येत नसे. त्या मासिक पाळीबद्दल, गुस्लबद्दल थेट पैगंबरांना (स.) विचारायच्या. ते प्रश्न आणि ती उत्तरं हदीसमध्ये नोंदलेली आहेत, आपले मौलाना ती मदरशात शिकवतात. रुबय्यि बिंत मुअव्विज लढाईत जखमींना पाणी द्यायच्या, त्यांची शुश्रूषा करायच्या. फिक्हचा नियम कुठल्याही आलिमला विचारा. बाईच्या आजाराला आधी बाई डॉक्टर बघावी, ती नसेल तर पुरुष डॉक्टरनं गरजेपुरतं बघणं जायज आहे. उपचार करून घ्या, हा तर पैगंबरांचा हुकूमच आहे.

आणि तुमच्या घरच्या कपाटात ‘बहिश्ती जेवर’ असेलच. आमच्याकडे लग्नात मुलीला देतात. मौलाना अशरफ अली थानवी काही कुणी बंडखोर नव्हते. त्यांनी शंभरेक वर्षांपूर्वी खास बायकांसाठी लिहिलेल्या त्या पुस्तकात पाकी-नापाकीचे मसले स्पष्ट शब्दांत आहेत, आजार आणि औषधांचा वेगळा भाग आहे. मौलानांना लिहायला लाज वाटली नाही, आणि दहावीच्या मुलींच्या आयांशी बोलताना मला वाटावी? उलट्या टोकाला रशीद जहाँ. स्वतः डॉक्टर. 1932 च्या ‘अंगारे’त त्यांचं ‘पर्दे के पीछे’ नावाचं नाटक आहे. एक बेगम दुसऱ्या बेगमसमोर आपल्या शरीराचं गाऱ्हाणं मांडते, बस, एवढंच. पुढच्या वर्षी पुस्तकावर बंदी आली. या दोघांचं आपसात काहीही पटलं नसतं. पण बाईच्या दुखण्याला शब्द असतात यावर दोघांची सही आहे.

कारण अडतं ते शब्दावरच. वर्गात मी ‘सरतान’ शिकवते तेव्हा सांगते की अरबीत त्याचा अर्थ खेकडा. मराठीतला ‘कर्क’ही खेकडाच. मुलींना गंमत वाटते, वहीत लिहून घेतात. पण ‘स्तन’ म्हटलं की चाळीस माना खाली. उर्दूत म्हणावं तर ‘सीना’, मराठीत ‘छाती’, आणि छाती तर खोकल्यातही दुखते. घरात तेवढाही शब्द नाही. ‘इथं’. एका सव्वीस वर्षांच्या बीएड झालेल्या बाईला, जिला दोन भाषा शिकवता येत होत्या, डॉक्टरसमोर ‘इथं’च्या पुढं जाता आलं नाही. डॉक्टरला ‘कुठं?’ विचारता आलं नाही. सात आठवडे या एका शब्दात बसले होते.

कुणी म्हणेल, सरकार तपासण्या करतं, शिबिरं होतात. होतात, चांगलं आहे. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 1998 पासून वीस वर्षं एक मोठा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका वस्त्यांमधल्या बायकांचे स्तन हातानं तपासायच्या, दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या. दीड लाखावर बायका या अभ्यासात होत्या. 2021 साली निष्कर्ष छापून आले: आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. महागडं यंत्र नाही, बघणारे डोळे आणि तपासणारा हात. पण त्यातल्या बायका 35 ते 64 वयाच्या होत्या. तिशीच्या आतल्या बाईला सहसा कुठलंच शिबिर बोलवत नाही, आणि आजार दुर्मीळ असल्यामुळे ते समजण्यासारखंही आहे. मग तिच्याकडे उरतं काय? तिची स्वतःची नजर, आणि ती जे सांगेल ते ऐकणारं एक माणूस. बुजुर्गांना नेमकी हीच दोन्ही बंद करायची आहेत.

आता सभेच्या दहा मिनिटांमागचं कारण. दिवाळीच्या सुट्टीनंतर माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. तेवीस वर्षांची, लग्न ठरलेलं. खोलीचं दार लावलं, फोन काढला आणि स्वतः काढलेला फोटो दाखवला. “टीचर, हे काय आहे?” चार आठवडे झाले होते. एकदा गोळ्या घेऊन झाल्या होत्या. डॉक्टरांनी बघितलं का, विचारलं. ती गप्प. आईला माहीत आहे का? “आई म्हणाली, लग्न होईपर्यंत बोलू नको. त्यांनी ऐकलं तर मोडतील.”

तेवीस वर्षांची मुलगी आपल्या शरीराचा फोटो घेऊन व्याकरण शिकवणाऱ्या बाईकडे येते. मी डॉक्टर नाही. मला विभक्ती-प्रत्यय कळतात. या गावात तिला त्याहून योग्य माणूस सापडलं नाही, याची शरम कुणी बाळगायची, तिनं की आपण? बुजुर्गांनी माझ्याकडे तक्रार आणली. तिच्या होणाऱ्या सासरी जाऊन ‘आजारपणावरून मुलीचं लग्न मोडू नका’ एवढं सांगायला त्यांनी जावं, मी त्यांच्यासोबत यायला तयार आहे.

तिच्या आईशी मी दोन तास बोलले. आधी ती भांडली, मग रडली, मग बुरखा घालून तयार झाली. आम्ही तिघी पहाटेच्या एसटीनं गेलो. ओपीडीच्या रांगेत साडेतीन तास. आत मुलीनं ‘इथं’ म्हणायला तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि शब्द उच्चारला. मराठीत, पूर्ण. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं पडदा ओढला, हात धुतले आणि दिवा लावला.

तुकडा तपासणीला गेलाय. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात मिळेल. काहीही निघो, जन आरोग्य योजनेसाठी लागेल म्हणून रेशनकार्डाची झेरॉक्स मी काढून ठेवलीय. ती रोज फज्रनंतर मला मिसकॉल देते आणि मी उलटा फोन करते. पाच मिनिटं आम्ही बोलतो, बहुतेक वेळा तिच्या लग्नातल्या साड्यांबद्दल.