मत गुप्त, आळी उघडी

महसूल खात्याच्या नोकरींत आमचें उभें आयुष्य सात-बाराचे उतारे लिहिण्यांत गेलें, आणि निवडणुका आल्या म्हणजे मतदान केंद्रावरही बसावें लागलें. या दोन्ही कामांवरून आमची अशी खात्री झाली आहे कीं, मनुष्य कोणास मत देईल हें त्यानें कोणाचीं भाषणें ऐकलीं यावरून फारसें कळत नाहीं. त्याचें शेत कोणत्या पाण्यावर भिजतें आणि घर कोणत्या आळींत आहे, यावरून पुष्कळ कळतें.

वाळवा किंवा कराड तालुक्यांतील बागाईतदार घ्या. ऊंस कारखान्याकडे नोंदलेला; तोड वेळेवर मिळते कीं नाहीं यावर त्याचें वर्ष अवलंबून. कारखान्याचा भाग, सोसायटीचें कर्ज, दुधाचा संघ, मुलाचें कॉलेज हें सारें एकाच गटाच्या हातीं असल्यावर विधानसभेचें मतही त्याच वाटेनें गेलें तर नवल काय? उलट माण, आटपाडी, जत या दुष्काळी भागांत टेंभू आणि म्हैसाळ योजनांचीं नांवें उमेदवारांच्या नांवांआधीं निघतात. नागनाथअण्णा नायकवडी यांनीं आटपाडीस पाणी परिषदा भरविल्या, त्यांस माणसें लोटलीं तीं पाण्यासाठीं. पक्ष कोणता हें तेथें कोणी विचारीत नव्हतें.

शेजार म्हणजे भिंतीस भिंत लागलेलीं घरें एवढेंच मात्र नव्हे. पाटण-जावळीचा गडी मुंबईंत माथाडी काम करतो; विट्याकडील माणूस सोनें-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यांत देशभर पसरला आहे. १९५७ सालीं संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेंत साताऱ्याकडून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेवर गेले, आणि मुख्यमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण कराडकडे थोडक्या मतांनीं बचावले. ज्या घरचा मुलगा गिरणींत कामास होता, त्या घराचा खरा शेजार परळ-लालबागच्या चाळींत होता.

अशा मतदारास शहरांतील मंडळी अडाणी म्हणतात, तें आम्हांस मान्य नाहीं. ज्यांच्याबरोबर पाण्याची पाळी वाटून घ्यावयाची, त्यांच्याशीं विचार करून मत देणें हा शहाणपणाच होय. आमची तक्रार दुसरी आहे.

मतपत्रिका होत्या त्या काळीं निरनिराळ्या केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद नियमांत होती. यंत्रें आल्यापासून प्रत्येक केंद्राचा आंकडा वेगळा निघतो व प्रसिद्धही होतो. केंद्र म्हणजे काय, तर फार झालें तर हजार-बाराशें मतदार. एखादी वाडी, नाहीं तर मोठ्या गांवच्या दोन-तीन आळ्या. माणसाचें मत झांकलेलें राहिलें, पण आळीचें उघडें पडलें.

एका गांवीं (नांव सांगत नाहीं) निकालानंतर तिसऱ्या दिवशीं मागच्या आळीच्या रस्त्यावर टाकलेली खडी गाडींत भरून नेतांना आम्हीं पाहिली. त्या आळीच्या केंद्रावर निवडून आलेल्या उमेदवारास अवघीं एकोणचाळीस मतें पडलीं होतीं. त्यास मत देणारीं तीं एकोणचाळीस माणसेंही त्या पावसाळ्यांत चिखलांतूनच गेलीं. तेथील एका म्हाताऱ्या बाईनें आम्हांस विचारलें, "भाऊसाहेब, आत कोण बघत नाय म्हणता, मग खडी कुणाची उचलायची ते कसं कळलं?" तीस काय उत्तर द्यावें हें आम्हांस सुचलें नाहीं.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. अनेक यंत्रांतील मतांची एकत्र बेरीज दाखविणारें 'टोटलायझर' नांवाचें उपकरण वापरावें, असें निवडणूक आयोगानें २००८ सालीं सुचविलें. विधि आयोगानें २०१५ च्या अहवालांत त्यास पाठिंबा दिला. केंद्र सरकारनें तें मान्य केलें नाहीं. केंद्रवार आंकडा कळला म्हणजे कोठें काम कमी पडलें तें समजतें, असा विरोधकांचा युक्तिवाद आहे. तो अगदींच टाकाऊ नाहीं. काम करूं पाहणाऱ्यास असा आंकडा उपयोगी पडेलही. परंतु आंकडा पाहून खडी आलेली आम्हीं अजून पाहिली नाहीं, गेलेली मात्र पाहिली आहे.

तेव्हां वाचकांनीं येत्या ग्रामसभेंत या उपकरणाच्या मागणीचा ठराव मांडून तो आपल्या खासदारांकडे पाठवावा, अशी आमची विनंति आहे. ठरावाच्या कागदावर मागच्या आळीच्याही सह्या घ्याव्या.