रंगाची कैफियत

जुन्या चित्रपटाची नवी तबकडी बाजारात आली की तिचे परीक्षण करणारे सद्गृहस्थ बहुधा दोनच गोष्टी पाहतात: चित्र किती स्वच्छ झाले आणि रंग किती टवटवीत दिसू लागले. पुष्कळ चित्रपटांना ही कसोटी चालून जाते. परंतु मिकेलांजेलो आंतोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाच्या ‘इल देझेर्तो रोस्सो’ला, म्हणजे आपल्याकडील फिल्म सोसायट्यांच्या सभासदांना ‘रेड डेझर्ट’ या नावाने परिचित असलेल्या चित्रपटाला, ती लावली तर जी तबकडी सर्वांत सदोष तीच पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण व्हायची.

१९६४ साली व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह मिळवणारा हा आंतोनिओनीचा पहिला रंगीत चित्रपट. राव्हेन्ना शहराभोवती उभ्या राहिलेल्या रासायनिक कारखान्यांच्या परिसरात, धुरांड्यांतून निघणाऱ्या विषारी पिवळ्या धुराखाली, मनाचा तोल ढळलेली जूलियाना वावरते, आणि तिला जग जसे भासते तसेच ते प्रेक्षकाला दिसावे म्हणून दिग्दर्शकाने प्रयोगशाळेवर विसंबून न राहता प्रत्यक्ष भूमीवर कुंचला फिरवला. गवत रंगवले, झाडे रंगवली, इतकेच काय, एका गल्लीत फळवाल्याच्या गाडीवरची फळेसुद्धा राखाडी करून टाकली. मोनिका व्हित्तीने साकारलेली ही जूलियाना त्याच गल्लीत दुकान थाटू पाहते. दुकानात अद्याप मालाचा पत्ता नाही. भिंतींवर मात्र कोणता रंग मनाला सोसवेल हे अजमावण्यासाठी ओढलेले रंगाचे पट्टे आहेत.

आता अशी फिल्म एखाद्या प्रामाणिक परंतु अनभिज्ञ तंत्रज्ञाच्या हाती पडली, आणि फळे राखाडी कशी असतील, अर्थात मूळ फिल्मच निस्तेज झाली असली पाहिजे, असे अनुमान बांधून त्याने संगणकावर त्यांत बिनदिक्कत लाली भरली, तर त्याच्या हातून चित्रपटाचा आशयच पुसला जाईल, आणि वर त्याची पाठही थोपटली जाईल. याच्या नेमका उलट पेच उत्तरार्धात उभा राहतो. रिचर्ड हॅरिसने साकारलेल्या कोर्रादोच्या हॉटेलातील खोली जूलियानाशी झालेल्या समागमानंतर भिंतींपासून पलंगापर्यंत गुलाबी झालेली दिसते, आणि ही आंतोनिओनीची योजना आहे. परंतु त्या पिढीतील अनेक रंगीत प्रती जुन्या झाल्या की त्यांतील निळसर रंगद्रव्य प्रथम उडते आणि सबंध चित्रच गुलाबी पडते. म्हणजे एकाच खोलीतील गुलाबीपैकी दिग्दर्शकाचा किती आणि काळाचा किती, याचा निवाडा करण्याची जोखीम तंत्रज्ञावर येते, आणि तो करायला समकालीन प्रत व जुने दप्तर यांच्यापलीकडे विश्वासार्ह साक्षीदार नाही. छायालेखक कार्लो दी पाल्मा २००४ मध्ये निवर्तले, आंतोनिओनी २००७ मध्ये. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटची ब्ल्यू-रे त्यानंतर, २००८ मध्ये, निघाली आणि अमेरिकेतील क्रायटेरियनची २०१० मध्ये. विचारायचे कोणाला?

कर्ता हयात असता तर तंटा मिटला असता, असेही मला वाटत नाही. व्हित्तोरिओ स्तोरारो हे छायालेखक तर स्वतःच आपल्या जुन्या कामात हात घालतात. त्यांच्याच आग्रहावरून बेर्तोलुच्चीच्या १९८७ सालच्या ‘द लास्ट एम्परर’ची रुंद चौकट २००८ च्या तबकडीवर दोन्ही बाजूंनी कापली गेली. कर्त्याचा अधिकार मोठा खरा. पण प्रेक्षकांनी एकदा पाहिलेले चित्र ही सर्वस्वी त्याची खासगी मालमत्ता राहत नाही.

रंगाइतकाच अन्याय धुक्यावर होतो. बंदराकाठच्या खोपटाबाहेर, रोगराईचा पिवळा बावटा लावलेले जहाज येऊन ठेपल्यावर, माणसे जागच्या जागी उभी राहून धुक्यात एकेक करून विरून जातात. हे धुके फिल्मच्या कणांनीच विणलेले आहे. कण म्हणजे मळ असे समजून यंत्राने ते धुऊन काढले की माणसांचे चेहरे मेणाचे होतात, आणि जुन्या डीव्हीडीवर जागा वाचवण्यासाठी चित्र अतोनात दाबले गेले असले तर त्याच धुक्यात चौकोनी ठोकळे हलताना दिसतात. श्रेयनामावलीच्या मागची दृश्ये तर मुद्दामच अस्पष्ट टिपलेली आहेत. ती रेखीव करण्याचा उत्साह निव्वळ आगंतुक. (रिचर्ड हॅरिसच्या ओठांशी इटालियन शब्द जुळत नाहीत, ही तक्रार मात्र तबकडीच्या माथी मारू नये, त्याला मुळातच दुसऱ्याचा आवाज दिलेला आहे.)

माझी मागणी अगदी साधी आहे. जमिनीच्या फेरफाराची नोंद होते, कोणी, केव्हा, कशाच्या आधारे हे त्यात लिहिले जाते; तशी नोंद प्रत्येक तबकडीच्या पुस्तिकेत असावी. मूळ निगेटिव्ह वापरली की तिच्यावरून काढलेली नक्कल, रंग ठरवताना कोणती जुनी प्रत समोर होती, अंतिम मंजुरी कोणाची, आणि कोणत्या दृश्यांबाबत मतभेद उरले. काही प्रकाशक असा मजकूर छापतात, हे मान्य; परंतु तो बहुतेक वेळा यंत्रांची नावे व छाननीचे आकडे एवढ्यावरच आटोपतो, आणि ज्या बाबी खरोखर विवाद्य आहेत त्यांविषयी अवाक्षर नसते. त्या गुलाबी खोलीपुरता चार ओळींचा खुलासा छापायला फारसा कागद लागणार नाही, आणि तबकडीचे मोल देणाऱ्या ग्राहकाला तो मागण्याचा पुरता हक्क आहे.