पडद्यासमोरचा पहारेकरी

वाघोलीहून लोहगाव विमानतळावर पोहोचलेल्या प्रवाशाला सामानतपासणीची रांग कटकटीची वाटते. त्याने ‘कनिष्क’ विमानाचे स्मरण ठेवावे. जून १९८५ मध्ये टोरांटो येथे क्ष-किरण यंत्र बंद पडले. उरलेले सामान अपुरे प्रशिक्षण लाभलेल्या कर्मचाऱ्यांनी हातातील उपकरणाने तपासले. २३ जून रोजी विमानात स्फोट होऊन ३२९ जण मृत्युमुखी पडले.

१९९९ च्या कंदाहार प्रकरणानंतर, २००० पासून, आपल्या विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आली. पडद्यावर सामान न्याहाळणाऱ्यास नागरी विमान सुरक्षा ब्यूरोचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. सामानाच्या चित्रात शस्त्राची कृत्रिम प्रतिमा मधूनच मिसळून त्याची दक्षता जोखण्याची सोयही आधुनिक यंत्रांत आहे.

परंतु एकदा मिळालेले प्रमाणपत्र म्हणजे कायमची दक्षता नव्हे. हजारो निर्धोक पिशव्या पाहून नजर सैलावते, हा मनुष्यस्वभावच आहे. म्हणून अशा चाचण्या अचानक व वारंवार व्हाव्यात. चुकणाऱ्यास शिक्षेआधी पुन्हा प्रशिक्षण मिळावे; नाहीतर चुका लपविल्या जातील, आणि लपलेली चूक सर्वांत घातक असते. नागरिकाचेही कर्तव्य आहेच: पिशवी दुसऱ्यांदा तपासली गेली, तर कुरकुर न करता त्या जवानास सहकार्य द्यावे.