प्रोबेटची सक्ती गेली, निष्पादकाचे उत्तरदायित्व कायम

भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ मधील कलम २१३ संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये रद्द केले. या कलमामुळे मुंबईसारख्या महानगरांत केलेल्या किंवा तेथील स्थावर मालमत्तेविषयीच्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना न्यायालयाचे प्रोबेट घेणे भाग पडत होते. या बदलाचे स्वागत झाले. तथापि, त्यातून सुटका कशापासून झाली आणि कशापासून नाही, हे पाहण्यासाठी मुंबईपेक्षा हिंगोलीकडे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल.

१९९९ मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात अशी सक्ती मुळात कधी नव्हतीच. मृत्युपत्रात मुंबईतील घर वा जागा नसेल, तर येथील हिंदू शेतकऱ्याच्या मृत्युपत्राचा अंमल प्रोबेटवाचूनच होऊ शकत असे. अशा ठिकाणी मृत्युपत्र प्रथम पुढे येते ते सातबारावरील नाव बदलताना. फेरफार मंजूर झाला की सारे आटोपले, असा समज मग सहज रूढ होतो. वस्तुतः फेरफार नोंद महसुली कामापुरती असते; तिने मालकी सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार स्पष्ट केले आहे.

मृत्युपत्रात ज्याची एक्झिक्युटर अर्थात निष्पादक म्हणून नेमणूक असते, त्याच्याकडे मृताची मालमत्ता कायद्याने येते. पण ती विश्वस्ताच्या नात्याने. तिची वाटणी हे त्याचे शेवटचे काम. त्याआधी येणी वसूल करायची आणि देणी ठरलेल्या क्रमाने फेडायची. प्रथम अंत्यविधी आणि अखेरच्या आजारपणाचा खर्च, नंतर प्रोबेट घेतले असल्यास त्याचा खर्च. त्यापाठोपाठ मजूर, कारागीर व घरगड्यांची मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतील मजुरी. म्हणजे वसमतच्या एखाद्या हळद उत्पादकाचे निधन झाले, तर त्याच्याकडे राबलेल्या मजुराची ही थकबाकी खतांच्या दुकानातील उधारीच्या आधी चुकती व्हायला हवी. तारण असलेल्या कर्जाचा तारणावरील हक्क अर्थातच अबाधित राहतो. उरलेल्या धनकोंत मात्र पुढे-मागे करता येत नाही. मालमत्ता अपुरी असेल तर सर्वांना सारख्या प्रमाणात द्यायचे. निष्पादकाचे स्वतःचे येणेही त्यातच धरायचे. मृत्युपत्रातील लाभार्थींची पाळी या सर्वांनंतर येते. मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत त्यांचा वाटा देण्याचे बंधन निष्पादकावर नाही, ते याचसाठी.

याशिवाय दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्या लागतात. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मृताचा जेवढा हिस्सा, तेवढ्यापुरतेच मृत्युपत्र चालते. तसेच नामनिर्देशित व्यक्ती आपोआप मालक होत नाही. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेसंबंधीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर व म्युच्युअल फंडांबाबत हेच तत्त्व अधोरेखित केले.

निष्पादकाच्या हयगयीमुळे एखादे येणे मुदतबाह्य झाले किंवा त्याने मालमत्ता भलत्याच कामी खर्चली, तर झालेले नुकसान त्याला पदरचे भरून द्यावे लागते. ही कलमे रद्द झालेली नाहीत. फरक आहे तो देखरेखीत. प्रोबेट मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब न्यायालयास सादर करावा लागतो. प्रोबेटच नसेल तर हा हिशेब आपणहून मागणारे कोणी उरत नाही. ज्या विधवेला वा विवाहित मुलीला कागदपत्रे पाहायलाच मिळत नाहीत, तिला दिवाणी दाव्याखेरीज मार्ग राहत नाही.

म्हणूनच वाद संभवत असेल तेथे स्वेच्छेने प्रोबेट घेणे आजही शहाणपणाचे. त्याची दारे बंद झालेली नाहीत. इतरत्र निष्पादकाने मालमत्तेची यादी, पावत्या व हिशेब सर्व वारसांपुढे लेखी ठेवावा. ज्याला हे ओझे नको, त्याने काम अंगावर घेण्यापूर्वीच नकार द्यावा. सक्ती उठल्याने मुंबईकर हिंगोलीकरांच्या पंक्तीत आले आहेत. हिशेब देण्याचे दायित्व मात्र दोघांचेही टळलेले नाही.