वही कोणाच्या घरात?

धुळे-सोलापूर महामार्ग आणि अहिल्यानगरकडून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता मांजरसुंब्यात एकमेकांना छेदतात. दसरा झाला की या भागातील ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. त्यांच्यात वावरणाऱ्या कार्यकर्त्याच्या कामांची यादी लहान नसते. कोणाची शिधापत्रिका अडली आहे, कोणाच्या मुलीला वसतिगृहात प्रवेश हवा आहे, कोणत्या कोयत्याच्या उचलीचा हिशेब मुकादमाने अद्याप दिलेला नाही. पूर्वी हे सारे खिशातल्या वहीत असे. आता तरुण कार्यकर्ते मोबाईलवर कामांचा फलक ठेवतात आणि ‘करायचे’, ‘चालू’, ‘झाले’ अशा रकान्यांतून चिठ्ठ्या सरकवीत जातात. टोयोटाच्या कारखान्यात जन्मलेली ‘कानबान’ पद्धती अशा रीतीने ऊसतोडीच्या मुलखात पोहोचली आहे. सोय मोठी आहे आणि ती नाकारण्यात पुरोगामित्व नाही. मात्र हा फलक परक्या कंपनीच्या ‘क्लाउड’मध्ये ठेवावा की स्वतःच्या यंत्रावर, हे ठरविणे भाग आहे.

वरवर पाहता हा वैयक्तिक सोयीचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो मालकीचा आहे. ऊसतोड कामगाराला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. उचल किती घेतली व किती फिटली, हे मुकादमाच्या वहीत असते. आणि वही ज्याची, हिशेब त्याचा.

क्लाउडमधील फलक बहुधा फुकट मिळतो. परंतु अशा ‘फुकट’ची किंमत नंतर, म्हणजे माणूस त्यात गुंतून पडल्यावर वसूल होते. वंडरलिस्ट ही लोकप्रिय सेवा मायक्रोसॉफ्टने २०१५ साली विकत घेतली व मे २०२० मध्ये बंद केली. वापरणाऱ्यांपुढे त्याच कंपनीच्या दुसऱ्या सेवेचा दरवाजा तेवढा उघडा ठेवला. ट्रेलो २०१७ साली अ‍ॅटलासियनच्या मालकीची झाली आणि २०२४ साली तिने फुकट वापरणाऱ्या गटांवर १० सहकाऱ्यांची मर्यादा घातली. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने भारतातील नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा थांबविल्या. नायराने दिल्ली उच्च न्यायालय गाठले व सेवा पूर्ववत झाल्या. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत असेल, तर मांजरसुंब्याच्या कार्यकर्त्याने कोणाचे दार ठोठवावे? शिवाय अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्यानुसार तेथील कंपनीला, माहिती जगात कोठेही साठविलेली असो, कायदेशीर आदेश आल्यास ती तेथील सरकारच्या हवाली करावी लागते.

दुसरा मार्ग स्वतःच्या यंत्राचा. वेकान, कानबोर्ड यांसारख्या मुक्त प्रणाली विनामूल्य आहेत आणि तळहाताएवढ्या संगणकावरही चालतात. कानबोर्डची सारी नोंद एका फाइलीत मावते. तिची प्रत पेन ड्राइव्हवर घेता येते. डॉ. लोहियांनी धरलेला छोट्या यंत्राचा आग्रह येथे सहज आठवावा.

तथापि या मार्गाचे कष्ट झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. वीज गेली की फलक बंद. मोबाईल जोडणीला बाहेरून गाठता येईल असा स्थिर पत्ता सहसा मिळत नाही. प्रणाली वेळोवेळी अद्ययावत न केल्यास चोराला वाट मोकळी होते, आणि प्रत ठेवलेली नसेल तर एका बिघाडात वर्षाचे काम जाते. सुरक्षिततेच्या बाबतीत मोठ्या कंपन्यांची व्यवस्था घरच्या यंत्राहून बहुधा सरस असते, हे मान्य केले पाहिजे.

याहून गंभीर आक्षेप आणखी एक आहे. शेकडो कामगारांची नावे, कर्जे व तंटे एकाच कार्यकर्त्याच्या घरातील यंत्रात, त्याच्या एकट्याच्या किल्लीखाली राहणार असतील, तर त्याच्यात आणि मुकादमात फरक काय उरला? खासगी मालकी कंपनीकडून कार्यकर्त्याकडे आली, एवढाच बदल झाला. तो समाजवाद नव्हे.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. सभेची तारीख, स्वतःचा प्रवास, वाचावयाची पुस्तके, अशा निव्वळ स्वतःच्या कामांसाठी क्लाउड वापरण्यास हरकत नाही. दरमहा त्याची प्रत उतरवून ठेवावी म्हणजे झाले. परंतु ज्या चिठ्ठीवर दुसऱ्याचे नाव व त्याची अडचण आहे, ती कार्यकर्त्याची खासगी मालमत्ता नाही. ती विश्वासाने सोपविलेली ठेव आहे. तिची जागा कंपनीच्या क्लाउडमध्ये नाही आणि कोणा एकाच्या घरातही नाही. जिल्हा कार्यालयात वर्गणीतून घेतलेले एक यंत्र, त्याला इन्व्हर्टर, दुसऱ्या गावी ठेवलेली प्रत, दोघांकडे किल्ल्या आणि यंत्र सांभाळण्याची पाळी वाटून घेतलेली, एवढी व्यवस्था संघटनेच्या आवाक्याबाहेरची नाही. एकट्याला जड जाणारा भार सहकाराने हलका होतो.

आणि ज्याची चिठ्ठी, त्याला ती केव्हाही पाहता आली पाहिजे. मुकादमाच्या वहीत डोकावण्याचा जो हक्क कामगारासाठी मागावयाचा, तो प्रथम आपल्या वहीपुरता त्याला द्यावा लागेल.